पिणाऱ्याने गल्ल्यावर बसू नये

मी माणसांना हातांवरून ओळखते. त्यात कसली विद्या नाही. आमच्या वाईन शॉपला काउंटरपासून छतापर्यंत लोखंडी जाळी आहे आणि जाळीत बाटलीसकट हात जाईल एवढी चौकोनी खिडकी. उजेड गिऱ्हाइकाच्या पाठीमागून येतो, त्यामुळे तोंड काळं दिसतं आणि हात स्वच्छ दिसतो. सत्तावीस वर्षं मी हात बघतेय. सिमेंटने फाटलेले, नेलपॉलिश लावलेले, अंगठीत पोवळं घातलेले, थरथरणारे. थरथरणाऱ्या हाताला मी बाटली देत नाही, आधी काउंटरवर ठेवते आणि मग सरकवते. फुटली तर दोघांचंही तोंड कडू होतं.

लोकांना वाटतं, दारूच्या दुकानात बसणारी बाई म्हणजे काहीतरी खमकं प्रकरण असणार. मी खमकी आहे, पण ती जन्मापासून. दुकानात मी शोभेला बसलेले नाही आणि हौसेनेही नाही. मला शिकवायचं होतं. डी.एड. झाले होते, पहिल्या वर्गात. नावडे गावाच्या पुढे एका शाळेत नेमणूक मिळाल्याचं पत्र आलं होतं आणि ते मी उशीखाली ठेवून झोपायचे. त्या शाळेत मी गेले नाही. का गेले नाही, त्याचं कारण मला बरोबर माहीत होतं, असं मी पंचवीस वर्षं समजत होते.

आधी आमच्या घराचा नियम सांगते, कारण सगळं त्याच्यापासून सुरू होतं.

आमचं मूळ गाव खाडीकाठचं, दिवाळे गावाच्या पलीकडचं. माझ्या आजाचं मिठागराच्या वाटेवर देशी दारूचं दुकान होतं. मिठागरावर दिवसभर उन्हात उभी राहिलेली माणसं संध्याकाळी त्याच्याकडे यायची. आजा मनाने उदार. गिऱ्हाइकाला एक ओतायचा, स्वतःला दोन. असं दुकान किती टिकणार? एका पावसाळ्यात त्याने ते स्वतःच पिऊन संपवलं. नंतर तो गावात दुसऱ्यांच्या ओट्यावर पडलेला असायचा आणि एकोणीस वर्षांचे माझे बाबा त्याला पाठीवर टाकून घरी आणायचे. एक दिवस त्यांनी आजाला ओटीवर निजवलं, गावदेवीच्या देवळात जाऊन नारळ फोडला आणि शपथ घेतली की आपल्या घरात जो पितो, त्याने गल्ल्यावर बसायचं नाही. मुलगा असो, भाऊ असो, ते स्वतः असोत.

गंमत बघा. दारू विकायची नाही, अशी शपथ त्यांनी घेतली नाही. विकायची, पण प्यायची नाही. असली शपथ आमच्याच माणसांना सुचू शकते.

पुढे सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या. आमची भातशेती गेली, मिठागरं गेली. आलेल्या पैशातून कोणी गाडी घेतली, कोणी बंगला बांधला, कोणी पोरीचं लग्न सात गावांना जेवण घालून केलं. बाबांनी लायसन घेतलं. मुंबईतल्या एका म्हाताऱ्या शेठचं वाईन शॉप होतं, त्याची मुलं परदेशात निघून गेली होती आणि परत यायला तयार नव्हती. नवं लायसन निघणं तेव्हाच बंद झालेलं, त्यामुळे जुन्याला सोन्याचा भाव. बाबांनी ते आपल्या नावावर करून घेतलं आणि नव्या सेक्टरच्या मार्केटमध्ये गाळा घेऊन दुकान थाटलं. हे कसं जमवलं, याची कहाणी ते दर वेळी वेगळी सांगतात. त्या शेठच्या मुलांचा मात्र मला कायम हेवा वाटत आलाय.

बाबांना दुकान विकायला सांगणारे पुष्कळ आले. त्यांचं उत्तर ठरलेलं. "जमीन गेली तवा मना अक्कल नव्हती. ह्यो कागद मात्र मी कोनाला देनार नाय. हीच आपली शेती हाय." ते कागदाला शेती म्हणतात आणि खरंच शेतीसारखंच बघतात. तो भिंतीवर काचेत लावलेला आहे आणि रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळली जाते.

आता माझ्या भावाचं. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. बी.कॉम. झाल्यावर बाबांनी त्याला दुकानात बसवलं. लायसनच्या कागदपत्रांत एक नोकरनामा असतो. दुकानात कोण कोण विकायला उभं राहू शकतं, त्यांची नावं त्यात लिहून द्यावी लागतात. दादाचं नाव त्यात गेलं. सहा महिने तो बसला. तोंड एवढुसं करून बसायचा, पण बसला.

मग चुलत बहिणीची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. सूर्य अजून वर होता, मांडवात बँजो वाजत होता, पोरं नाचत होती आणि दादा त्या पोरांच्या मध्ये हातात ग्लास घेऊन उभा होता. ग्लासात तांबूस काहीतरी होतं. बाबा मांडवात आले तेव्हा त्याने ग्लास लपवला नाही. उलट वर केला, एक मोठा घोट घेतला आणि तोंड पुसलं. सगळ्या मांडवाने बघितलं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरनाम्यातून दादाचं नाव काढायला अर्ज दिला आणि घरात एवढंच म्हणाले, "पिनाऱ्याचा हात गल्ल्यान नको."

दादाने महिनाभरात बँकेची परीक्षा दिली, पुढे नोकरीला लागला.

त्याच वर्षी बाबांना साखर निघाली. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरेना आणि डॉक्टरांनी उभं राहायला बंदी केली. दुकानात दोन नोकर होते, पण घरचं माणूस नाही. एका दुपारी त्यांनी मला देव्हाऱ्यासमोर बोलावलं. पाय पाटावर ठेवलेला, त्याला पांढरी पट्टी. आई बाजूला नारळ खवत बसली होती.

"पितस का गो?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. एकवीस वर्षांची मुलगी मी, पत्र उशीखाली ठेवून झोपणारी. मी म्हटलं, "नाही बाबा."

"आईची आन?"

"आईची आण."

आईचा हात खवणीवर थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा खवायला लागली. मला वाटलं, तिला माझा अभिमान वाटला असेल. मला स्वतःलाही वाटला होता, खोटं कशाला सांगू? दादा जे करू शकला नाही ते मी करणार होते. बाबा म्हणाले, "दादाचं सुटंपर्यंत बस. त्याची दारू सुटली का तू मोकली."

म्हणून मी शाळेला लिहून कळवलं की घरच्या अडचणीमुळे या वर्षी रुजू होता येत नाही. 'या वर्षी' हे शब्द मी मुद्दाम घातले होते.

मग मी दादाची दारू सोडवायला घेतली. आज हे लिहिताना कानशिलं तापतात, पण सांगते. मी त्याच्यासाठी सोळा सोमवार केले. सोळा सोमवार दिवसभर उपाशी राहून त्या जाळीमागे उभी राहिले, हातांना बाटल्या दिल्या आणि मनात म्हणत राहिले, देवा, माझ्या भावाला सोडव. उद्यापनाला चुरमा केला. दादा आला, पानावर बसला, चुरमा खाल्ला आणि म्हणाला, "बाय, आणखी थोडा वाढ, फक्कड झालाय." आई त्याच्याकडे न बघता ताटं उचलत होती.

तो घरी यायचा तेव्हा त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास असायचा. मी समजायचे, वास लपवायला खातो. आपला भाऊ आतून पोखरला जातोय, असं वाटून मला रडायला यायचं. त्याच्यावर राग मात्र धरवत नव्हता. व्यसनी माणसावर काय रागवायचं? तो आजारी असतो, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं.

पुढच्या काही वर्षांत लायसनवर बाबांच्या जोडीला माझं नाव लागलं. दादाने हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र आनंदाने दिलं. कागदावर माझा फोटो चिकटवला, दोन वेण्या घातलेला. तपासणीला साहेब कधीही येऊ शकतात, तेव्हा लायसनवाली जागेवर पाहिजे, असा बाबांचा समज. मला वाटतं, कायद्यात असं काही नाही, पण बाबांचा समज आमच्या घरी कायद्याच्या वर. त्यामुळे सकाळी दहाला मी आत आणि दुकान बंद होईपर्यंत आत. स्थळं आली. एकाने विचारलं, मुलगी दारू विकते का? दुसऱ्याने विचारलं, लग्नानंतर दुकान कोणाचं? शेवटी लग्न झालं ते आमच्याच भावकीच्या ओळखीतल्या माणसाशी. तो मार्केटात फळांच्या गाळ्यावर काम करायचा, पहाटे जायचा, दुपारी यायचा. भला माणूस. तो आमच्याकडे राहायला आला, कारण मी कुठे जाऊ शकत नव्हते.

सुट्टी म्हणजे ड्राय डे. दुसरी सुट्टी मला माहीत नाही. लोक कॅलेंडरवर सण बघतात, मी दुकान कधी बंद ते बघते. माझ्या मुलीचं बारसं ड्राय डेला झालं, तिचे कान ड्राय डेला टोचले, दात काढायला मी ड्राय डेला गेले. निवडणुका जाहीर झाल्या की बाकीच्यांना टेन्शन येतं, मला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटतं. खरं तर मी माहेरीच असते, सासरी कधी गेलेच नाही.

एक दिवस खिडकीतून एक हात आला. नखांच्या कडेला खडूची पांढरी रेघ आणि मधल्या बोटाला पेनाचा घट्टा. तो हात मला पाठ होता. त्याने माझ्या वह्यांवर सही केली होती, 'उत्तम' असं लिहून खाली रेघ मारली होती. सरांनी हळू आवाजात क्वार्टर मागितली. मी मान वर केली नाही. बाटली कागदात गुंडाळून दिली आणि सुट्टे पैसे काउंटरवर ठेवले. पण माझाही हात त्यांना पाठ असणार. हात तिथेच थांबला आणि जाळीपलीकडून आवाज आला, "तू शाळेत लागली होतीस ना गं?" मी म्हटलं, "पुढचा." मागे कोणी नव्हतं. सर पुन्हा आले नाहीत. त्या दिवशी मी जाळीला टेकून इतकी रडले की नोकर घाबरून पाणी घेऊन आला.

आई गेली, त्याला आता दहा वर्षं होतील. बाबा ऐंशीच्या पुढे गेलेत, गावच्या घरी आरामखुर्चीत असतात. पायाची दोन बोटं गेली, हट्ट शाबूत आहे. दादाची दारू कधी सुटली, हे बाबांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही विचारणं सोडलं. ज्याची सवय झाली, ते दुःख माणूस मोजत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दादाच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. योगायोगाने ड्राय डे होता म्हणून मी त्याच्यासोबत दवाखान्यात गेले. वहिनी फाइल घेऊन बसली होती. भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या, तरुण मुलगी, हातात यादी. बीपी? शुगर? ॲलर्जी? दादा नाही, नाही म्हणत गेला.

"दारू घेता?"

"नाही."

"आधी कधी?"

"कधीच नाही."

माझा ताबा गेला. भूल द्यायच्या वेळी असलं खोटं बोलतात का? मी पुढे झाले. "डॉक्टर, त्याचं ऐकू नका. पितो तो. पंचवीस वर्षं पितोय. आमचं स्वतःचं वाईन शॉप आहे, मला विचारा."

डॉक्टर दादाकडे बघायला लागल्या. वहिनी आधी गोंधळली आणि मग हसतच सुटली. "कोण, हे? अहो, हे हळदीलासुद्धा कोकम सरबत पितात. कफ सिरप द्यायचं झालं तर बाटली वाचून बघतात."

दादा हसला नाही. छताकडे बघत होता. म्हणाला, "बाय, डॉक्टरांना खोटं सांगू नको. मी आयुष्यात कधी घेतली नाही."

डॉक्टरांनी 'नाही'वर खूण केली आणि त्या गेल्या. वहिनी औषधं आणायला गेली. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी होते. मी विचारलं, "ग्लासात काय होतं?"

कुठला ग्लास, असं त्याने विचारलं नाही. "काळा चहा," तो म्हणाला. "थंड केलेला. आईने भरून दिला होता."

आईने. एवढं एकच मला ऐकू आलं. तो पुढे सांगत होता की आईच म्हणाली, बापाला बोलून पटायचं नाही, त्याच्याच नियमाने सुटून घे. तिनेच चूलखोलीत चहा उकळला, गाळला, ग्लास हातात दिला आणि बाबा मांडवात शिरले की घोट घे, असं सांगितलं. बडीशेपसुद्धा तिचीच युक्ती.

"आणि मी?" मी विचारलं. "मला का नाही दिला चहा?"

"आईला वाटलं, तू काय, लग्न होऊन जाशील. तुला कोण बसवतंय? बाबांनी तुला विचारलं तेव्हा ती... बाय, तेव्हा तिने सांगितलं असतं तर माझं उघडं पडलं असतं."

तेवढ्यात वॉर्डबॉय त्याला न्यायला आला. नाहीतर मी त्याला बोल बोल बोलले असते. त्याचे खडे निघाले. माझ्या पोटात मात्र त्या दिवसापासून दगड पडलाय. सोळा सोमवार, आणि हा माणूस चुरमा मागत होता! दादावर राग आला, पण आईवर त्याहून जास्त आला, आणि मेलेल्या माणसावर आलेला राग ठेवायला घरात जागाच नसते. मला राहून राहून खवणीवर थांबलेला तिचा हात आठवायचा. तिने तोंड उघडलं होतं. बोलली असती तर एक लेकरू सुटलं असतं आणि एक अडकलं असतं. तिने निवड केली आणि नारळ खवला.

आता मूळ गोष्ट.

माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. रत्नागिरीला राहून मत्स्यशास्त्र शिकली. कोळंबीची पिल्लं कशी वाढवतात, त्यांच्या पाण्यात मीठ किती लागतं, हे ती इतकं जीव लावून सांगते की तिचा पणजोबा मिठागराच्या वाटेवर दुकान मांडून बसायचा हे आठवून मला गंमत वाटते. सप्टेंबरात ती घरी आली. आल्या दिवशी तिने माझे पाय बघितले. दिवसभर उभं राहून घोट्याच्या वर शिरा हिरव्यानिळ्या फुगल्यात. तिने तेल आणलं आणि चोळत बसली. चोळून झाल्यावर म्हणाली, "आई, आता मी बघते दुकान. तू घरी बस. सगळा स्टॉक कॉम्प्युटरवर घेऊ, बिलिंग मशीन बसवू. दोन माणसं चांगली ठेवली की झालं."

तिचे डोळे चमकत होते. मला ते डोळे ओळखू आले. मी एकवीस वर्षांची असताना देव्हाऱ्यासमोर माझे असेच चमकत होते.

दोन दिवसांनी कपडे धुवायला काढताना तिच्या बॅगेत पत्र मिळालं. मालवणच्या बाजूच्या एका कोळंबी प्रकल्पावर तिची निवड झाली होती आणि पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं. ते तिने मला दाखवलं नव्हतं. चार घड्या घालून मोज्याच्या जोडीत खुपसून ठेवलं होतं.

मी विचारलं तर म्हणाली, "ते काय, पुढच्या वर्षी पण मिळेल."

'पुढच्या वर्षी.' मी साबणाच्या हाताने तिथेच खाली बसले.

तिला समजावून बघितलं. रागावले. माझं नशीब तुला देणार नाही, असं नाटकातलं वाक्यही बोलले. ती माझ्यावर गेलीय, तिने ऐकलं नाही. "तुला एकटीला टाकून मी जाऊ? मला झोप येईल?" तिचं प्रेम खरं होतं, आणि खऱ्या प्रेमाशी भांडता येत नाही. तिकडे बाबांना कळलं आणि त्यांना दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. त्यांनी वकिलाकडून कागद तयार करून घेतले. लायसनवर नातीचं नाव वाढवायचं. दादाची हरकत नाही, अशी सही लागणार म्हणून त्यालाही बोलावलं. दिवस ठरला दोन ऑक्टोबर, कारण ड्राय डे.

सकाळी अकराला आम्ही गावच्या घरी जमलो. देव्हाऱ्यासमोर बाबांची खुर्ची. पाटावर कागद, त्यावर नारळ. दादा आता नावड्याला राहतो, तिथून आला आणि भिंतीला टेकून बसला. ऑपरेशननंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. मुलीने माझी जुनी साडी नेसली होती.

बाबांनी तिला समोर बसवलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "पितस का गो पोरी?"

तिने हसून तोंड उघडलं. मी तिचे ओठ बघत होते. 'न' म्हणायला जीभ दातांकडे जाते ना, तेवढा वेळ माझ्याकडे होता.

"पिते," मी म्हटलं.

खोलीत सगळे माझ्याकडे वळले.

"बियर पिते, बाबा. हॉस्टेलवर गेल्यापासून. मी लपवून ठेवलं होतं. पण देवासमोर खोटं नको."

"आई!" ती ओरडली. "काय बोलतेस? मी कधी... आबा, ही खोटं बोलतेय! शप्पथ!"

बाबांचा हात अजून तिच्या डोक्यावर होता. तो त्यांनी सावकाश काढून घेतला. ते एका तोंडाकडून दुसऱ्याकडे बघत होते. सत्तावीस वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द खोटा बोलले नव्हते आणि ते त्यांना माहीत होतं. तरी नातीचे डोळे भरलेले बघून ते डळमळले. "खरा सांग," ते मला म्हणाले.

तेव्हा भिंतीकडून दादाचा आवाज आला. "खरा हाय, बाबा. मी रत्नागिरीला गेल्तो तवा मना पन वास आलेला." आणि पुढे म्हणाला, "माझीच भाची. माझ्यावर गेली."

दादा रत्नागिरीला कधीच गेलेला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

बाबांनी नारळ उचलून बाजूला ठेवला. कागदांची घडी घातली, मग आणखी एक घडी. "पिनाऱ्याचा हात..." असं म्हणायला लागले आणि वाक्य पुरं केलं नाही. नातीच्या हातचं पाणीही त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही. माझ्या पोरीने हे सगळं बघितलं. ती उठली, चप्पल न घालता बाहेर गेली आणि ओट्याच्या पायरीवर बसून हुंदके देत राहिली. ज्या आबांच्या मांडीवर ती वाढली, त्यांच्या नजरेतून मी तिला एका शब्दात उतरवलं होतं. असं काहीतरी गमवावं लागेल हे मला माहीत होतं, पण इतकं दुखेल हे माहीत नव्हतं.

"मंग आता?" बाबांनी विचारलं. "तुझ्यामागारी कोन?"

"मी आहे ना, बाबा."

"तू किती दिस?"

मी म्हटलं, "जितके दिवस आहे, तितके." आणि कागद उचलून कपाटात ठेवले.

मुलगी माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मला खुलासा करायचा नव्हता. खुलासा केला असता तर ती आबांपाशी गेली असती, म्हणाली असती, आबा, आई माझ्यासाठी खोटं बोलली, मी बसते. मला आमच्या घरातली प्रेमळ माणसं चांगली माहीत आहेत. म्हणून मी ती समजते तशी वाईट आई राहिले, आणि डब्यात तिच्या आवडीचा सुका जवळा भरला. पाचव्या दिवशी तिने बॅग भरली. रात्रीपुरती मामाकडे जाते, उद्या तिथूनच गाडी पकडेन, असं बापाला सांगितलं. मला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दहाला दुकान उघडायला गेले.

दुकानात ती लहानपणापासून मागच्या दाराने यायची. शाळा सुटली की रिकाम्या खोक्यांच्या मध्ये बसून गृहपाठ करायची. पुढून ती कधी आली नव्हती, येण्याचं कारणच नव्हतं.

साडेअकराच्या सुमाराला खिडकीतून एक हात आला. रिकामा, पैसे न घेतलेला. अंगठ्याखाली बारीक पांढरा व्रण, कोळंबीचा काटा लागलेला. मी सवयीने "काय देऊ?" असं विचारलं आणि विचारता विचारता थांबले.

"मामांनी सांगितलं," जाळीपलीकडून आवाज आला. "चहाचं."

मी तो हात दोन्ही हातांत धरला. गरम होता, थोडा घामेजलेला. बॅगेचा पट्टा तिच्या खांद्यावरून घसरत होता, तो दुसऱ्या हाताने ती सावरत होती.

"आबा आता कधीच..." ती म्हणाली.

"मला माहितीय."

"आणि तू?"

मागे दोन-तीन माणसं उभी राहिली होती. कोणीतरी म्हणालं, "ताई, जरा पटापट." मी हात सोडला. तो लगेच मागे गेला नाही. मग गेला.

"गाडी किती वाजता आहे?" मी विचारलं.

"बाराची."

"मग नीघ. ऊन वाढतंय."

ती तिथेच उभी होती, उजेड पाठीमागे असल्यामुळे तोंड दिसत नव्हतं. मागचं दार उघडं होतं, रोज असतं तसं. मी तिला आत ये म्हटलं नाही.